बालमोरेच्या झऱ्यात पोहायला आणि डुबकी मारायला जाण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासच्या पश्चिम टोकाकडे, जिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मैलोन् मैल खुरटी झुडपे आणि कोरडी माती यांखेरीज काही दिसत नाही, तिथे जमिनीतून निर्मळ पाण्याचा एक मोठा झरा अखंड वाहतो. त्या झऱ्याभोवती बालमोरे स्टेट पार्क उभे आहे. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन येथील मराठी कुटुंबे सुट्टीत तिकडे निघाली की ओळखीचे लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. मी या झऱ्यावर अनेकदा गेलो आहे, त्यात पोहलो आहे आणि स्कूबाचे सिलिंडर पाठीवर बांधून त्याच्या तळाशीही बसलो आहे. म्हणून ती सारी उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवतो.

हे ठिकाण नेमके कोठे आहे आणि नावाचा उच्चार कसा करावा?

इंग्रजी अक्षरे वाचून आपण ‘बालमोरिया’ म्हणतो. तेथील लोक मात्र ‘बालमोरे’ म्हणतात. बाल्कम, मॉरो आणि ऱ्ही या जमिनीचा व्यवहार करणाऱ्या भागीदारांच्या आडनावांचे तुकडे जोडून गावाला हे नाव मिळाले. पार्क मात्र त्या गावात नसून चार मैल पुढे टोयाव्हेल येथे, डेव्हिस पर्वतरांगेच्या पायथ्याशी आहे. इंटरस्टेट 10 या महामार्गावरून उतरल्यावर थोड्याच वेळात तेथे पोहोचता येते. मोटारीने एल पासोहून सुमारे तीन तास, ऑस्टिनहून सहा, डॅलसहून सात आणि ह्यूस्टनहून आठ तासांहून अधिक वेळ लागतो. शेवटच्या टप्प्यात पेट्रोल पंप विरळ आहेत, त्यामुळे पूर्वेकडून येणाऱ्यांनी फोर्ट स्टॉक्टनला टाकी भरून घ्यावी.

हा पोहण्याचा तलाव आहे की नैसर्गिक झरा?

तो दोन्ही आहे आणि त्यातच त्याचे वेगळेपण आहे. सॅन सॉलोमन नावाचे झरे येथे पूर्वापार वाहत आले आहेत. मेस्कालेरो अपाची लोक त्यांच्या काठी घोड्यांना पाणी पाजत असत, म्हणून पूर्वी त्यांना मेस्कालेरो झरे म्हणत. पुढे मेक्सिकन शेतकरी आले, त्यांनी हाताने पाट खणून ते पाणी शेतापर्यंत नेले आणि सॅन सॉलोमन हे नाव रूढ झाले. 1930च्या दशकातील मंदीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेरोजगार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली होती. त्या योजनेतील तरुणांनी झऱ्याभोवती दगडी कठडे बांधले आणि हाताने पाडलेल्या मातीच्या विटांची, लाल कौलांची निवासस्थाने उभारली. तलावाचा विस्तार 1.3 एकर, म्हणजे 52 गुंठे आहे आणि सर्वांत खोल जागी 25 फूट पाणी आहे. कडेच्या दोन लांब भागांचा तळ सिमेंटचा आहे. मधल्या गोल भागाला मात्र तळ बांधलेला नाही. तेथे खडक, वाळू आणि पाणवनस्पती जशा होत्या तशाच आहेत. बांधणाऱ्यांनी झऱ्याचे तोंड बुजवले नाही, याबद्दल त्यांचे जितके आभार मानावेत तितके थोडेच.

क्लोरीन घालत नाहीत, मग पाणी स्वच्छ कसे राहते?

वाहते असल्यामुळे. तलावात सुमारे 35 लाख गॅलन, म्हणजे 1 कोटी 32 लाख लिटर पाणी मावते आणि झऱ्यातून दररोज साधारण दीड कोटी गॅलन पाणी येते. या हिशेबाने सहा तासांच्या आत तलावाएवढे नवे पाणी येऊन जुने पाटाने बाहेर पडते. तरीही हे पाणी शुद्धीकरण केलेले नाही, त्यामुळे ते पिण्यासाठी नाही हे मुलांना आधीच समजावून सांगावे. वर्षातून एकदा, बहुधा मे महिन्यात, शेवाळ घासून काढण्यासाठी तलाव काही दिवस बंद ठेवतात.

पाणी किती थंड असते?

बारा महिने 72 ते 76 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 22 ते 24 अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या खोल विहिरीत एप्रिलमध्ये उतरताना अंगावर जो शहारा येतो, तसाच तो येथेही येतो. जुलैच्या कडक उन्हात हे पाणी गार वाटते. जानेवारीच्या पहाटे हवा गोठणबिंदूच्या खाली गेलेली असताना तेच पाणी ऊबदार वाटते आणि पृष्ठभागावरून वाफ निघताना दिसते. वज्रेश्वरी किंवा उन्हवऱ्यासारखे हे गरम पाण्याचे कुंड नव्हे, हे वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावे. अर्धा तास सलग पाण्यात राहिल्यावर लहान मुलांचे ओठ निळसर होऊ लागतात, म्हणून त्यांना मधून मधून बाहेर काढून उन्हात बसवावे. स्कूबा करणाऱ्याला तासभर हालचाल न करता खाली राहायचे असेल, तर पूर्ण लांबीचा वेटसूट, म्हणजे ऊब धरून ठेवणारा रबरी पोशाख, लागतोच.

हे पाणी येते कोठून?

डेव्हिस पर्वतावर पडलेला पाऊस लगेच झिरपून झऱ्यात येतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो अंशतः खरा आहे. जोराच्या वादळी पावसानंतर झऱ्याचा प्रवाह काही काळ वाढतो, ते वाढीव पाणी जवळच्या डोंगरांचे असते. पण ज्या प्रवाहामुळे झरा दुष्काळातही वाहत राहतो तो फार दुरून, वायव्येकडील कोरड्या खोऱ्यांतून आणि अपाची पर्वताखालच्या चुनखडीच्या थरांतून, भेगा आणि पोकळ्यांमधून वाट काढत येतो. त्याला येथवर पोहोचायला हजारो वर्षे लागलेली आहेत. मध्यभागी तळाशी जिथे वाळू आहे तिथे पाहावे. भाताला आधण आल्यावर जसे बुडबुडे फुटतात, तशी वाळू जागोजाग हळूच उसळते, खाली बसते आणि पुन्हा उसळते. त्या वाळूत तळहात धरला की खालून येणारा पाण्याचा मऊ रेटा हाताला जाणवतो. मास्क लावून हे एकदा तरी पाहावेच. पोहता न येणाऱ्याला कठड्यावरूनही, सकाळी पाणी स्थिर असताना, ते दिसते.

पोहता येत नाही किंवा सोबत आजी-आजोबा आणि लहान मुले आहेत. जावे का?

जरूर जावे, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: येथे जीवरक्षक नसतात. पाणी इतके नितळ आहे की खोलीचा अंदाज हमखास चुकतो. पंचवीस फुटांवरचा खडक हाताच्या अंतरावर भासतो. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी उथळ बाजूनेच, पायऱ्यांवरून, कठडा धरून उतरावे. सिमेंटच्या तळावर शेवाळ असते आणि पाय सटकतो, त्यामुळे ज्येष्ठांना रबरी तळाचे पाण्यात घालण्याचे बूट द्यावेत. मुलांच्या दंडांना हवेने फुगवायचे फुगे बांधून निर्धास्त राहू नये. अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट घालावे आणि एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे लक्ष द्यावे. गप्पांच्या ओघात प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी पाहत असेल आणि अशाच वेळी मूल गटांगळ्या खाते. एकदा काठावर बसलो असताना माझ्या डोळ्यांसमोर एक पाच-सहा वर्षांचा मुलगा पायरीवरून एक पाऊल पुढे टाकून आवाजही न करता खाली गेला. शेजारच्या बाईंनी त्याला दंडाला धरून वर ओढले तेव्हा त्याचे आईवडील दहा फुटांवर टॉवेल अंथरत होते. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे त्या दिवशी कायमचे मनावर कोरले गेले.

मासे चावतात का?

लहान मासे पायाच्या बोटांना टोचा मारतात, त्याने गुदगुल्या होतात, इजा होत नाही. पायरीवर पाय सोडून दोन मिनिटे स्तब्ध बसले की ते गोळा होतात. यांतील काही मासे फार मोलाचे आहेत. कोमांची स्प्रिंग्ज पपफिश हा जेमतेम दोन इंची मासा आणि पिलांना थेट जन्म देणारा पेकॉस गॅम्ब्युसिया या दोन्ही जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असून अमेरिकेच्या कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना खाऊ घालणे, पकडणे, बाटलीत भरून मुलांना दाखवणे, यांतले काहीही करू नये. कासवे आणि मोठे कॅटफिशही आहेत. ते माणसांच्या वाटेला जात नाहीत.

आम्ही तारकर्लीला स्कूबा केले आहे. तेवढ्यावर येथे सिलिंडर घेऊन उतरता येईल का?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा येतो. उत्तर असे की, मालवण-तारकर्लीला पर्यटक जे करतात ती बहुधा एकदाची ओळख-डुबकी असते. प्रशिक्षक मागून सिलिंडर धरून ठेवतो, हवा तोच सोडतो, खोली तोच ठरवतो. तिचे छायाचित्र मिळते, काही ठिकाणी सुंदर प्रशस्तिपत्रही मिळते, परंतु ते डुबकीचा परवाना नव्हे. येथे स्कूबा करण्यासाठी पाडी, एसएसआय, नाउई यांसारख्या संस्थेचे किमान ओपन वॉटर पातळीचे कार्ड लागते आणि एकट्याने उतरायचे नसते. जोडीदार, ज्याला सगळे ‘बडी’ म्हणतात, तो हवाच. ज्यांनी तारकर्लीच्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या केंद्रात किंवा अन्यत्र पूर्ण अभ्यासक्रम करून कार्ड मिळवले आहे, त्यांचे कार्ड जगात इतरत्र चालते तसे येथेही चालते.

कार्ड कशाला, पाणी तर अवघे पंचवीस फूट, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी कळकळीने सांगतो की स्कूबातील सर्वांत घातक चूक उथळ पाण्यातच होते. सिलिंडरमधून दाबाखालची हवा छातीत भरून, श्वास कोंडून वर आले, तर ती हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसे फाटू शकतात. त्यासाठी चार-पाच फुटांची खोलीही पुरेशी असते. श्वास कधीही रोखायचा नाही, हा स्कूबाचा पहिला धडा आहे आणि तो नुसता ऐकून नव्हे, तर घोटून अंगात मुरवावा लागतो.

समुद्रात डुबकी मारण्याची सवय आहे. येथे काय वेगळे करावे लागते?

पहिली बाब वजनाची. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते शरीराला कमी उचलते. साहित्यासह ज्याचे वजन 100 किलो भरते, त्याने समुद्रात बुडण्यासाठी कमरेला बांधाव्या लागणाऱ्या शिशाच्या वजनातून साधारण अडीच किलो कमी करावे. असे केले नाही तर माणूस तळाशी घासत फिरतो, वाळू ढवळली जाते आणि सगळ्यांचेच दिसणे बंद होते. तळाला गुडघे न टेकता तरंगत राहण्याचा सराव नसेल, तर तो आधी साध्या तलावात करून यावे, कारण येथील वनस्पतींवर आणि खडकांच्या आडोशाला त्या माशांची घरे आहेत.

दुसरी बाब उंचीची, जी मुंबई-गोव्याकडून शिकून आलेल्याच्या ध्यानीमनीही नसते. पार्क समुद्रसपाटीपासून सुमारे 3,200 फूट उंचीवर आहे. किती खोलीवर किती वेळ राहावे हे सांगणारी डुबकीची कोष्टके समुद्रसपाटीसाठी केलेली असतात, त्यामुळे डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे हाच हिशेब पाण्यात करणारे यंत्र, उंचीनुसार जुळवून घेतो की नाही हे पाहून घ्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अनेक जण दिवसभर पाण्यात घालवून संध्याकाळी मॅकडॉनल्ड वेधशाळेत तारे पाहायला जातात. ती वेधशाळा सुमारे 6,800 फुटांवर आहे. डुबकीत शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन अपाय करू शकतो. 25 फुटांच्या डुबकीत तो फार नसतो हे खरे, तरीही त्याच दिवशी इतकी चढण चढण्याचा बेत मी कधीच आखत नाही. तारे पहिल्या रात्री पाहावेत आणि डुबकी दुसऱ्या दिवशी मारावी, म्हणजे चिंता उरत नाही. विमानाने परतायचे असल्यास एकाच डुबकीनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक डुबक्यांनंतर 18 तास जमिनीवर काढावेत.

स्कूबा नको, नुसता मास्क आणि स्नॉर्केल पुरे का?

बहुतेकांना तेवढेच पुरते आणि झरा त्यातही मनसोक्त पाहता येतो. मात्र ज्यांनी लहानपणी विहिरीत तळाची माती वर काढून दाखवण्याच्या पैजा मारल्या आहेत, त्यांना एक विनंती आहे. खाली जाण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि श्वास घेण्याची निकड मेंदूला कळण्यापूर्वीच पाण्यात शुद्ध हरपते. उत्तम पोहणारेच यात दगावतात. वर एकाने पाहत राहावे, दुसऱ्याने खाली जावे आणि दोघांनी एकदम बुडी मारू नये. कानात दडा बसू लागला की नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलावी. सात-आठ फुटांवर कान दुखत असतील तर जबरदस्तीने आणखी खाली जाऊ नये.

कठड्यावरून सूर किंवा मुटका मारता येतो का?

जिथे पार्कच्या पाट्या परवानगी देतात तिथेच. उडी मारण्यापूर्वी पाण्यावर बुडबुडे येत आहेत का ते पाहावे, कारण बुडबुड्यांच्या खाली स्कूबा करणारा माणूस असतो आणि तो वर येत असू शकतो. 2018 साली वार्षिक साफसफाईच्या वेळी उडीच्या फळीखालच्या भिंतीचा भाग कोसळला होता. दुरुस्तीसाठी तलाव कित्येक महिने बंद ठेवावा लागला आणि तो 2019 मध्ये पुन्हा खुला झाला. जुने दगडी बांधकाम आहे, त्यामुळे अशी कामे अधूनमधून निघतात. आठ तास गाडी हाकण्यापूर्वी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ विभागाच्या संकेतस्थळावर तलाव खुला आहे का, हे त्याच आठवड्यात पाहावे.

केव्हा जावे आणि आरक्षण लागते का?

उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी प्रवेशाचे दिवसाचे पास संपून जातात, म्हणून आधी आरक्षण करावे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेशशुल्क नाही. शक्य असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरमधील एखादा मंगळवार किंवा बुधवार निवडावा आणि सकाळी दार उघडताच आत जावे. दुपारपर्यंत शेकडो पायांनी तळ ढवळला जातो. सकाळी मात्र काठावर उभे राहून तळावरचा खडा न् खडा वेगळा दिसतो.

कपडे, खाणेपिणे यांचे नियम काय आहेत?

सलवार-कमीज किंवा सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरण्याची काही भगिनींची इच्छा असते. सुती कापड भिजले की जड होते आणि हातापायांना गुंडाळते, त्यामुळे खोल पाण्यात ते धोक्याचे आहे. अंगभर कपडे हवे असतील तर नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लांब लेगिंग घालावे. ते सर्वमान्य आहे आणि उन्हापासूनही संरक्षण होते. काचेची भांडी आणि बाटल्या नेऊ नयेत. टेक्सासच्या स्टेट पार्कांत उघड्यावर मद्यपानाला मनाई आहे आणि पाळीव प्राण्यांना तलावाच्या आवारात नेता येत नाही. डबा घरूनच न्यावा. पोळीभाजी, दशम्या, लाडू असे उन्हात टिकणारे पदार्थ बरे. गावात खाण्याची ठिकाणे मोजकीच आहेत.

झऱ्याला फुले, हळदकुंकू वाहावे, दिवा सोडावा असे घरातील वडीलधाऱ्यांना वाटते. चालेल का?

वाहत्या पाण्यापुढे हात जोडावेसे वाटणे हा आपल्या संस्कारांचा भाग आहे आणि मलाही तेथे तसे वाटते. परंतु पाण्यात काहीही सोडू नये. फुलांवरची कीटकनाशके, कुंकवातील रंग, तेल, यांचा परिणाम त्या दोन इंची माशांवर होतो, ज्यांना जाण्यासाठी दुसरे पाणी उरलेले नाही. डोक्याला तेल लावले असेल तर आधी न्हाऊन उतरावे, सनस्क्रीन थापण्याऐवजी अंगभर शर्ट घालावा. काठावरून नमस्कार करावा, तो पोहोचतो.

हा झरा आटण्याची भीती आहे का?

आहे. पपफिश माशाला ज्या झऱ्यांचे नाव आहे, ते कोमांची झरे येथून तासाभराच्या आत, फोर्ट स्टॉक्टन येथे होते. तेथेही गर्दीचा पोहण्याचा तलाव होता आणि झऱ्याखालच्या शेतकऱ्यांचे मळे त्याच पाण्यावर पिकत. वरच्या भागातील जमीनमालकांनी 1950च्या सुमारास मोठे पंप बसवून उपसा सुरू केला. खालच्या शेतकऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली. 1954 मध्ये निकाल विरुद्ध गेला, कारण टेक्सासच्या कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी ज्याचे त्याने उपसावे, असे मानले जाते. 1961 पर्यंत झरे कोरडे पडले. विहिरीशेजारी बोअर मारल्यावर काय होते, हे मराठवाड्यातील माणसाला समजावून सांगायला नको.

बालमोरेच्या अगदी जवळचा फँटम लेक झराही गेल्या शतकाच्या अखेरीस आपणहून वाहायचा थांबला. त्याच्या मुखातील गुहेत 2013 मध्ये डुबकी मारणाऱ्या शोधकांनी 462 फूट खोली गाठली, म्हणजे आत पाणी आहे, पण ते काठापर्यंत चढत नाही. माशांसाठी तेथे पंपाने पाणी चढवावे लागते. 2016 साली या परिसरात तेल व वायूचा मोठा साठा जाहीर झाला, तेव्हापासून गावकऱ्यांच्या मनात झऱ्याच्या पाण्याविषयी काळजी आहे आणि ती रास्त आहे.

पोहून झाल्यावर आणखी काय पाहावे?

तलावातून बाहेर पडणारे पाणी कोठे जाते ते पाहावे. पार्कच्या आवारातच 1990च्या दशकात जुनी पाणथळ जागा पुन्हा उभी केली आहे. स्पॅनिश भाषेत तिला सिएनेगा म्हणतात. लव्हाळ्यांच्या मधोमध लाकडी सज्जा आहे आणि काठाच्या खाली एक काचेची खिडकी आहे, तिच्यापुढे वाकून बसले की पोहायला न उतरलेल्यांनाही मासे समोरासमोर दिसतात. तेथून पाणी पाटांत शिरते आणि खालच्या शेतांकडे जाते. पाटाच्या कडेने थोडे अंतर चालावे, पाण्यात मात्र उतरू नये. संध्याकाळी पाटाच्या वळणावर पाणी भरत्या घागरीसारखे डुबडुब वाजते आणि पलीकडच्या शेतातून ओल्या मातीचा वास येतो.